बेंगळूरचा विमानतळ: नऊ महिन्यांत अकरा खेपा आणि एक चुकलेलं विमान

मागच्या गुरुवारी दुपारचं बेळगावचं विमान चुकलं. मी विमान सुटायच्या दीड तास आधी पोचलो होतो, पण चुकीच्या टर्मिनलवर. तिकिटाचे पैसे बुडाले आणि बेंगळूरच्या मॅजेस्टिक बसस्थानकावरून रात्रीच्या स्लीपर बसने घरी यावं लागलं. राग अजून गेलेला नाही, पण नऊ महिन्यांचा अनुभव नीट सांगतो.

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. बेंगळूरच्या पीण्या भागातल्या एका कारखान्याला सुटे भाग देतो, म्हणून ह्या खेपा. पूर्वी राणी चन्नम्मा रेल्वेने रात्रभर जायचो, सकाळी मिटिंगमध्ये डोळे मिटायचे. आता बेळगावजवळच्या सांब्र्याहून विमानाने सव्वा तासात देवनहळ्ळी, म्हणजे बेंगळूरचा विमानतळ. सांब्र्याचा विमानतळ १९४२ सालचा, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेला. नवी इमारत २०१७ ला झाली. तिथे दारातून विमानापर्यंत सगळं नजरेच्या टप्प्यात असतं, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. बेंगळूरची गोष्ट वेगळी.

मी २००६ साली मुंबईहून एकदा बेंगळूरच्या जुन्या एचएएल विमानतळावर उतरलो होतो. गर्दी एसटी स्टँडसारखी, पण बाहेर आलं की शहर समोर. २४ मे २००८ पासून प्रवासी विमानं तिथून हलली आणि देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला. शहराचे संस्थापक केंपेगौडा यांचं नाव त्याला २०१३ मध्ये मिळालं. शहरापासून जवळजवळ चाळीस किलोमीटर. विमानात वाचलेला वेळ निम्मा तर त्या रस्त्यावरच जातो. टॅक्सी मला परवडत नाही; विमानतळाची वायू वज्र बस टॅक्सीच्या चौथ्या हिश्श्यात नेते, एसी आहे, बॅग ठेवायला जागा आहे. अकराही खेपा बसनेच केल्या. विमानतळाकडे येणाऱ्या मेट्रोच्या फाट्याला केंद्राची मंजुरी २०२१ मध्ये मिळाली. ती विमानतळापर्यंत आली की आम्हा बेळगावकरांना खरा फायदा होईल.

आता टर्मिनलचं. पहिलं टर्मिनल २००८ चं. दुसऱ्याचं उद्घाटन ११ नोव्हेंबर २०२२ ला झालं, त्याच दिवशी केंपेगौडांच्या १०८ फुटी पुतळ्याचंही अनावरण झालं. दुसऱ्यातून देशांतर्गत विमानं जानेवारी २०२३ पासून सुटू लागली आणि त्याच सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय वाहतूकही तिकडे गेली. देशांतर्गत विमानं मात्र दोन्हीकडून सुटतात, कंपनीप्रमाणे. माझ्या बहुतेक खेपा पहिल्यातून झाल्या. ह्या वेळी कंपनी वेगळी होती.

कंडक्टरने "टर्मिनल ओंदू" (कन्नडमध्ये एक) अशी हाक दिली आणि मी सवयीने उतरलो. दारावरच्या रांगेत दहा मिनिटं गेली. जवानाने तिकीट बघून सांगितलं, टी टू, म्हणजे दुसरं टर्मिनल. शटल बसची वाट बघणं आणि तिकडे जाणं ह्यात पंचवीस मिनिटं गेली. काउंटर एक तास आधी बंद होतो, मला पाच मिनिटं उशीर झाला. काउंटरवरची मुलगी नम्र होती, पण नियम नियमच.

घरी येऊन मी तिकिटाचा कागद टेबलावर पसरला आणि पट्टीने मोजला. हॉटेलची जाहिरात अर्धं पान. आसन क्रमांक ठळक. आणि टर्मिनल? तारखेखाली, दोन मिलिमीटर उंचीची अक्षरं. आम्ही ड्रॉइंगवर महत्त्वाचं माप असं लिहिलं तर गिऱ्हाईक माल परत पाठवेल. ज्या एका आकड्यावर प्रवास अवलंबून, तो सगळ्यात मोठा छापायला हवा. मोबाईलवरही तीच तऱ्हा. तिकीट विकणाऱ्या ॲपला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तेच ठोकळेबाज उत्तर आलं.

दुसऱ्या टर्मिनलबद्दल माझं मत मधल्या काळात पालटलं, तेही सांगायला हवं. वर्तमानपत्रात फोटो बघितले तेव्हा वाटलं होतं, एवढा बांबू आणि झाडं कशाला, त्यापेक्षा तिकिटावरची फी कमी करा. मार्चमध्ये सौ.ला घेऊन गेलो. तिचे गुडघे दुखतात. दोन तास थांबावं लागलं, पण ती घंटेसारख्या टांगलेल्या कुंड्यांखाली शांत बसली होती, एकदाही कुरकुर नाही. मी खांबांजवळ जाऊन सांधे बघितले. आत पोलाद, वर बांबूच्या पट्ट्यांचं आवरण, आणि पट्ट्यांचं अंतर कुठेही चुकलेलं नाही. असं काम करायला हात लागतात. जवळजवळ अडीच लाख चौरस मीटरची इमारत असूनही धावपळ जाणवत नाही. त्या दिवसापासून फीबद्दल मी बोललेलो नाही.

हिवाळ्यातल्या धुक्याचा धडा जानेवारीत मिळाला. इथे ४००० मीटरच्या दोन समांतर धावपट्ट्या आहेत, दुसरी २०१९ ची. दाट धुक्यात उतरवणारी यंत्रणाही आहे. पण विमान आणि वैमानिकही त्या तयारीचे लागतात. त्या सकाळी मोठी विमानं सुटत होती आणि आमचं पंख्याचं छोटं विमान तीन तास उभं होतं. जानेवारीत सकाळची मिटिंग असेल तर आदल्या दिवशीच जा.

पुढची खेप येत्या सोमवारी आहे, टर्मिनल एक. परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं, टर्मिनल दोन. दोन्ही कागदांवर मुलीने लाल स्केचपेनने आकडे लिहून दिलेत, तळहाताएवढे.