मिरजेत नर्सिंगच्या मुलींसाठी मावशींची मेस

मिरजेत नर्सिंगला आलेल्या मुलींनी हॉस्पिटलमागच्या गल्लीतली मावशींची मेस जरूर लावावी. महिना २,८०० रुपये, दोन वेळचं जेवण. ज्वारीची भाकरी डोळ्यांदेखत थापलेली, कडेला जराशी करपलेली, सोबत मटकीची उसळ आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. आमटीला तेल जास्त असतं, रविवारी संध्याकाळी बंद.

माझ्या लेखी मोठी गोष्ट वेगळीच आहे. इथे कुणाच्या ताटावर कुणी बोलत नाही. न्यूट्रिशनच्या प्रॅक्टिकलला आम्ही एकमेकींचं वजन-उंची मोजतो. त्यावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती याचा आकडा, काढतो. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. आकडा वहीत उतरला की मुली स्वतःलाच नापास करून टाकतात. 'नर्सच अशी, तर पेशंटला काय सांगणार?' हे लोकांचं बोलणं मग स्वतःचंच मत होऊन बसतं. दुपारचा भात बंद होतो आणि नाइटला पहाटे तीनला बिस्किटांचा अख्खा पुडा संपतो. नंतर दिवसभर रडवेलं तोंड. माझ्या रूममेटचं हेच चाललं होतं.

मावशींनी तिला ना टोकलं, ना आग्रह केला. एवढंच विचारलं, "ड्यूटी कधी हाय गं तुझी?" आणि नाइटचा डबा सुरू केला. दोन चपात्या, उसळ, दही. आता ती वेळेवर जेवते, चिडचिडही कमी झालीय. वजन मी विचारलेलं नाही.

नाइटचा डबा हवा असेल तर सकाळी दहाच्या आत सांगा.