सोमवारी तीन ते पाच: फाईल बघून आले

रस्ता कोणत्या कार्यालयाचा ते लिहीत नाही. पुण्यात रस्त्यांना मालक पुष्कळ. आमच्या कॉलनीबाहेरच्या पदपथावरचे ब्लॉक पहिल्याच पावसाळ्यात खचले, म्हणून मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. त्यात विचारलं, "काम निकृष्ट का झालं?" एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं: हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. राग आला, पण चूक माझीच. कागद मागायचा असतो, कारण नाही.

मग सोमवारी दुपारी तीनला थेट फाईल बघायलाच गेले. दर सोमवारी तीन ते पाच नागरिकांना फाईल बघू देण्याची ही सोय पुणे महापालिकेत आधी होती. 2018 च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू झाली. तिथल्या बाईंना मात्र ती नवीनच दिसली. "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या." मी म्हटलं, "उद्या मंगळवार, ताई." वीस मिनिटांनी फाईल आली. पंखा नाही, खुर्ची डुगडुगती.

फाईल मात्र अव्वल! बँकेत 31 वर्षं काढल्यामुळे मला कागदांची शिस्त कळते. टिपणी एकीकडे, पत्रव्यवहार दुसरीकडे, प्रत्येक पानावर क्रमांक. ठेकेदाराला काम देणाऱ्या कार्यादेशातच सापडलं: दोषदायित्व कालावधी तीन वर्षं. म्हणजे खचलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने बसवायचे. अर्ज करून नकला मागवल्या असत्या, तर हे पान मागायचं मला सुचलंच नसतं. मोजमाप पुस्तकात रेतीच्या थराची जाडीही लिहिलेली होती. खाली प्रत्यक्षात किती आहे ते ब्लॉक उचलल्यावरच कळेल. कायद्याने साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. हे म्हणाले, "घरात ब्लॉक आणलास तर मी बाहेर झोपेन."

सहा पानांच्या नकला, दोन रुपयांप्रमाणे बारा रुपये. शंभराची नोट सुट्टी करायला खाली चहावाल्याकडे जावं लागलं. पाच ताऱ्यांतला हा अर्धा तारा मी कापते. साहेबांच्या मीटिंगचा आणखी एक. बाकी साडेतीन तारे त्या फाईलला आणि तिला पान क्रमांक घालणाऱ्या अज्ञात लिपिकाला.

कार्यादेशाची नकल जोडून तक्रार दिली. गेल्या आठवड्यात ब्लॉक उचलायला माणसं आली. मी गॅलरीतून पट्टी घेऊन खाली पळाले.