मराठी फोनवरच्या थीम: काही महिने वापरून झाल्यावर

फोनची भाषा मराठी ठेवून तो आपल्या आवडीनं सजवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून मी माझ्या अँड्रॉईड फोनवर जवळपास सगळं वापरून पाहिलं: वॉलपेपरवरून ठरणारे रंग, वेगळे लाँचर (होम स्क्रीन चालवणारी अ‍ॅप), आयकॉन पॅक (अ‍ॅपच्या चिन्हांचे तयार संच), स्वतः बनवलेली विजेट (होम स्क्रीनवर माहिती दाखवणाऱ्या चौकटी), डार्क मोड, कीबोर्डच्या आणि चॅटच्या थीम. या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजीत चालणारा फोन समोर ठेवून केलेले असतात. त्यात दिसणारं देखणं रूप मराठी फोनवर तसंच्या तसं उतरत नाही. नेमकं काय बिघडतं हे दोन-चार दिवसांत लक्षात येत नाही, रोज वापरल्यावर येतं.

आधी रंगांबद्दल, कारण त्यात मी पूर्ण समाधानी आहे. गूगलनं २०२१ मध्ये अँड्रॉईड १२ बरोबर ‘मटेरियल यू’ आणलं. वॉलपेपर लावला की फोन त्यातला ठळक रंग उचलतो, त्या रंगाच्या फिक्या-गडद छटा तयार करतो आणि क्विक सेटिंग, कीबोर्ड, कॅल्क्युलेटर, घड्याळ सगळं त्याच छटांमध्ये रंगवतो. ऐकायला ही निव्वळ हौस वाटते, पण त्यामागचं गणित पक्कं आहे. प्रत्येक छटेला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १०० अशी उजळपणाची पायरी असते. अक्षरांची छटा आणि मागची छटा यांच्यात ५० पायऱ्यांचं अंतर ठेवलं, की दोन्हींमधला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचं प्रमाण, किमान ४.५:१ येतो. वेबवरच्या साध्या मजकुरासाठी सुलभतेच्या निकषांनी ठरवलेली किमान मर्यादाही हीच आहे. त्यामुळे रंग निळा असो की विटकरी, अक्षरं वाचता येतात. थीमच्या दुकानांतून उतरवलेल्या तयार थीममध्ये याची खात्री नसते. फिक्या गुलाबीवर पिवळी अक्षरं असलेली थीम मी पैसे देऊन घेतली होती. घरात ती गोड दिसायची, दुपारच्या उन्हात बसस्टॉपवर नोटिफिकेशन वाचताच येईना.

वॉलपेपर कोणता, यावर मात्र बरंच अवलंबून आहे. एकाच रंगाचं राज्य असलेला फोटो सगळ्यात चांगला. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात काढलेला एक फोटो मी लावला, नुसती हिरवाई आणि धुकं. फोननं त्यातून जो मंद शेवाळी रंग काढला तो अजून टिकून आहे. गणपतीत आरासीचा फोटो लावला तेव्हा झेंडू, शेला, दिव्यांच्या माळा या सगळ्यांतून फोननं दुसराच एक रंग निवडला. अशा वेळी वॉलपेपरच्या सेटिंगमध्ये जाऊन सुचवलेल्या रंगांतून आपल्याला हवा तो घ्यावा, तिथे चार-पाच पर्याय असतात. आणखी एक गोष्ट मराठीसाठी महत्त्वाची. आयकॉनखालची नावं ज्या भागावर येतात तो भाग फोटोत शक्यतो सपाट असू द्या. फांद्या, विजेच्या तारा, कौलं अशा आडव्या रेघा मागे आल्या की शिरोरेषा त्यांच्यात हरवते आणि अक्षरं ओळखू येत नाहीत.

नावांवरून आठवलं. होम स्क्रीनवर एका ओळीत पाच आयकॉन बसवले की ‘कॅल्क्युलेटर’सारखी नावं अर्ध्यावर तुटून पुढे टिंबं येतात. मी चारच ठेवते.

आता फॉन्ट, म्हणजे जिथे मराठी माणसाची खरी अडचण होते. थीममधून किंवा सेटिंगमधून फॉन्ट बदलला की इंग्रजी अक्षरं बदलतात. देवनागरी बहुतेक वेळा होती तशीच राहते, कारण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसतात. फोन मग आपल्या ठेवणीतला फॉन्ट काढतो, अँड्रॉईडवर तो साधारणपणे नोटो सान्स देवनागरी. नोटो चांगला आहे, स्वच्छ आहे, माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण हस्ताक्षरासारखा नाजूक इंग्रजी फॉन्ट आणि शेजारी सरळसोट नोटो, असं एकाच ओळीत दिसलं की दोन वेगळ्या हातांनी लिहिल्यासारखं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण सगळेच मराठी-इंग्रजी मिसळून लिहितो, तिथे हे सतत समोर येतं. शेवटी मी फोनचा मूळ फॉन्टच परत लावला आणि तोच ठेवला आहे.

उंचीचा प्रश्न त्याहून त्रासदायक. इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार, मात्रा, आणि खाली उकार. कितीतरी विजेटमध्ये ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठरवलेली असते. त्यात ‘नोंदींची यादी’ लिहिलं की अनुस्वार कापला जातो, आणि शब्दात उकार असेल तर तो पुढच्या ओळीत घुसतो. म्हणून नवी थीम, विजेट किंवा वाचनाचं अ‍ॅप लावलं की मी हे एक वाक्य टाकून पाहते: ‘दुसऱ्या मुलींच्या गोष्टी ऐकून लक्ष्मी पूर्वीच्या शाळेत परत गेली.’ यात ऱ्य आहे, रफार आहे, वेलांटीवर अनुस्वार आहे, क्ष्म आणि ष्ट ही जोडाक्षरं आहेत, आणि ल-श ही आपली दोन अक्षरंही. ल आणि श यांचं मराठी वळण हिंदीपेक्षा वेगळं. चांगल्या फॉन्टमध्ये भाषेनुसार वळण बदलायची सोय असते, पण अ‍ॅपनं मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच ती चालते. हे वाक्य जिथे नीट उमटतं ते मी ठेवते, बाकीचं त्याच दिवशी काढून टाकते.

विजेट स्वतः बनवायची तयारी असेल तर केडब्ल्यूजीटी नावाचं अ‍ॅप घ्या. शिकायला वेळ लागतो, पण त्यात आपल्या पसंतीची फॉन्टची फाईल घालता येते, म्हणून इतका खुलासा करून सांगते आहे. मी मुंबईच्या एक टाईप या गटानं केलेला ‘मुक्ता’ वापरते. तो मोफत आहे, गूगल फॉन्ट्सवर मिळतो आणि अगदी बारीक ते अगदी जाड अशा सात वजनांत येतो. वार आणि तिथीसाठी मधलं वजन, आकड्यांसाठी जाड. मोठ्या अक्षरात एखादी ओळ लिहायची असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहा. टिरोनं हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी तीन वेगळे फॉन्ट दिले आहेत, त्यामुळे मराठी ल आणि श मिळवायला वेगळं काहीच करावं लागत नाही. होम स्क्रीनवर मोठ्या टिरोत ‘मंगळवार’ उमटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फोन खरोखर माझा वाटला. विकत घेतलेल्या कुठल्याच थीमनं तो आनंद दिला नाही.

आकड्यांचंही सांगायला हवं. फोन मराठीत ठेवला की घड्याळ १०:४५ असं देवनागरीत येतं. हिंदीत ठेवला तर सहसा इंग्रजी आकडे राहतात, मराठीत मात्र देवनागरी हीच ठरलेली पद्धत आहे. मला हे फार आवडतं. पण लॉक स्क्रीनच्या घड्याळाच्या ज्या नक्षीदार शैली चित्रात दाखवतात, त्या इंग्रजी आकड्यांसाठी काढलेल्या असतात. लावल्यावर आपल्याला साधे नोटोचे आकडे दिसतात, आणि चित्रात पाहिलेलं ते कुठेच नसतं. काही विजेट तर देवनागरी आकडे दाखवतच नाहीत, मग लॉक स्क्रीनवर एक लिपी आणि होम स्क्रीनवर दुसरी. रात्री चष्म्याशिवाय पाहताना बारीक वजनातले १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, तेव्हा घड्याळाला जाड आकडेच निवडा. काट्यांचं घड्याळ लावलं तर हा प्रश्नच उरत नाही.

डार्क मोडबद्दल बरेच गैरसमज आहेत. बॅटरी वाचते का? ओएलईडी पडद्यावर वाचते, कारण काळ्या भागातले बिंदू तिथे विझलेलेच असतात. एलसीडीवर मागचा दिवा चालूच राहतो, म्हणून तिथे फरक पडत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ओएलईडी फोनवर हे मोजलं. उजेड ३० ते ५० टक्क्यांवर असेल, म्हणजे आपण घरात ठेवतो तितका, तर बचत सरासरी फक्त ३ ते ९ टक्के. उजेड १०० टक्क्यांवर असेल तर तीच बचत ३९ ते ४७ टक्क्यांवर जाते. म्हणजे भर उन्हात, उजेड पूर्ण वाढवून ठेवलेला असतो तेव्हा खरा फायदा. पण मराठी वाचताना नेमकं उन्हातच मला डार्क मोड नको वाटतो. काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात आणि क्ष, द्ध, ष्ट यांच्या आतल्या मोकळ्या जागा भरून जातात. ज्यांच्या चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना हे जास्त जाणवेल. मी सूर्यास्ताला डार्क आणि सूर्योदयाला लाईट असं वेळापत्रक लावलं आहे आणि त्यातही ठार काळ्याऐवजी गडद राखाडी ठेवते. गूगलच्या डिझाईनच्या शिफारशीही गडद राखाडीच सुचवतात. ठार काळ्यावर भराभर सरकवत गेलं की काही ओएलईडी पडद्यांवर अक्षरांच्या मागे सावली ओढल्यासारखी दिसते, राखाडीवर ते जवळपास जातं.

आयकॉनबद्दल माझं मत वापरता वापरता बदललं. सगळे आयकॉन एकाच रंगात दिसावेत अशी सोय अँड्रॉईड १३ पासून (२०२२) इतर कंपन्यांच्या अ‍ॅपसाठीही खुली झाली, पण बहुतेक फोनवर त्यासाठी त्या कंपनीला आपल्या आयकॉनचं एकरंगी चित्र द्यावं लागतं. कित्येक भारतीय अ‍ॅप ते देत नाहीत. माझ्या फोनवर शेवाळी आयकॉनांच्या रांगेत बँकेचं आणि वीजबिलाचं अ‍ॅप आपापल्या मूळ रंगांत चमकत राहायचं. म्हणून मी ‘आर्क्टिकॉन्स’ हा मोफत, रेषांनी काढलेला पॅक लावला. त्यात दहा हजारांहून जास्त आयकॉन आहेत आणि दिसायला तो अतिशय सुंदर आहे. अडचण आली भाजीवाल्याकडे. पैसे देण्याची सगळी अ‍ॅप एकाच रंगाच्या बारीक रेषांत सारखी दिसायला लागली. मागे रांग असताना नाव वाचत बसणं बरं नाही. आपण ती अ‍ॅप रंगानं ओळखतो, जांभळं, निळं, हिरवं, आकार नंतर पाहतो. आता पैशांची, बँकेची आणि टॅक्सीची अ‍ॅप मूळ रंगांत ठेवली आहेत, बाकी सगळं रेषांत. लाँचरमध्ये एखाद्या आयकॉनवर दाबून धरलं की तेवढाच बदलता येतो.

लाँचर निवडताना एक काळजी घ्या. दोनदा टिचकी मारून स्क्रीन बंद करणं, अशा सोयीसाठी काही लाँचर अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती परवानगी घेतलेलं अ‍ॅप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं. काही बँकांची अ‍ॅप अशी परवानगी चालू दिसली की उघडायलाच नकार देतात. मी ती सोय सोडून दिली. थीमसाठी प्ले स्टोअरबाहेरून फाईल उतरवू नका, कितीही देखणी असली तरी.

चॅटच्या थीमबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपनं २०२५ मध्ये प्रत्येक चॅटला वेगळा रंग द्यायची सोय दिली. तो रंग फक्त आपल्यालाच दिसतो. मी ऑफिसच्या ग्रुपला एक आणि घरच्या ग्रुपला एक रंग दिला आहे, त्यामुळे घाईत चुकीच्या ग्रुपवर लिहायला बोट जात नाही. या एका कारणासाठी ती सोय मला सगळ्यात उपयोगी वाटली. टेलिग्राममध्ये रंग-छटा हव्या तितक्या बदलता येतात, पण चॅटला लावलेली थीम समोरच्यालाही दिसते हे लक्षात ठेवा. कीबोर्डला फोटो लावू नका. मराठी कळफलकावर अक्षरं दाट असतात, फोटोवर ती सापडत नाहीत. एकरंगी थीम लावा आणि कळांच्या चौकटी चालू ठेवा.

बहिणीच्या आयफोनवर आयओएस २६ आलं तेव्हा काचेसारखे पारदर्शक पट्टे पाहून मला मराठी नोटिफिकेशनची काळजी वाटली होती. २६.१ मध्ये पट्टे जास्त दाट करायचा पर्याय आला, तिनं तो चालू केला आहे आणि तिला आता वाचायला त्रास होत नाही.

आईच्या फोनवर मी यातलं फारच थोडं केलं. अँड्रॉईड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि मोठी शीर्षकं त्या प्रमाणात आणखी फुगत नाहीत, त्यामुळे पडदा बिघडत नाही. मी दीडपटीच्या आसपास थांबले, कारण त्यापुढे मराठी बटणांवरचे शब्द दोन ओळींत तुटायला लागले. अक्षरं ठळक केली, रंग वॉलपेपरवर सोडला आणि होम स्क्रीनची मांडणी लॉक केली, म्हणजे आयकॉन चुकून इकडेतिकडे सरकत नाहीत. वॉलपेपर तिनं स्वतः निवडला, अंगणातल्या जास्वंदीचा. अ‍ॅपच्या आयकॉनचे रंग मुळीच बदलायचे नाहीत असं तिनं बजावलं होतं, आणि भाजीवाल्याकडचा अनुभव घेतल्यावर मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं.

आयकॉन पॅक वापरणाऱ्यांना एक विनंती. मराठी वृत्तपत्रांची, पंचांगाची, राज्य सरकारच्या सेवांची अ‍ॅप या पॅकमध्ये कमी सापडतात, कारण बनवणाऱ्यांपर्यंत त्यांची नावंच पोहोचत नाहीत. आर्क्टिकॉन्ससारख्या पॅकच्या अ‍ॅपमध्येच आयकॉनची मागणी पाठवायची सोय आहे, फोनवरची न सापडलेली अ‍ॅप ते स्वतःच शोधून यादीत दाखवतं. मी माझी यादी पाठवली आहे. तुमच्या फोनवरची मराठी अ‍ॅपही पाठवा.