लव्हबर्डसाठी प्लॅस्टिकची नकली अंडी: घ्यावीत, पण माप बघून

लव्हबर्डची मादी एकटी असली तरी अंडी घालते. ती उचलून टाकली की भरपाई म्हणून पुन्हा घालते आणि अंगातलं कॅल्शियम संपत जातं. हे चक्र तोडायला नकली अंडी खरंच उपयोगी पडतात. खरं अंडं साधारण 23 बाय 17 मिमीचं असतं. दुकानात सर्रास मिळणारी कबुतराच्या मापाची अंडी जवळपास 39 मिमी लांब, म्हणजे बिनकामाची. भरीव, पांढरी, गुळगुळीत घ्या. पोकळ अंडं चोचीने फुटतं आणि तुकडा पोटात जातो.

अंडी साधारण एक दिवसाआड येतात. मादी दाण्याला उतरली की खरं काढून नकली ठेवायचं. 4 ते 6 झाली की ती बहुधा थांबते. पुढे किमान तीन आठवडे, ती स्वतःहून उठेपर्यंत, हात लावू नका. घाई केली की पुन्हा पहिला दिवस!

अंड्यांवरचा नाद सुटला की घरट्याची पेटी आणि कापडी झोपडी काढा. कागदही नको: पीच-फेस्ड (लव्हबर्डची एक जात) मादी त्याच्या सुबक पट्ट्या कातरून कमरेच्या पिसांत खोचते, म्हणजे घरट्याची तयारी सुरू. विरंगुळ्याला मक्याचं कोवळं कणीस उंच टांगा, खाताना लोंबकळावं लागतं. रोज 12 तास अंधार द्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलबोन) कायम हवाच.

पिसं फुलवून तळाशी बसली, शेपटी वरखाली होतेय, जोर करतेय, तर अंडं अडकलं असू शकतं. पोट दाबू नका, उबेत ठेवून त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.