गोफणीने पाडलेला ड्रोन: विमा, फिर्याद की तडजोड?

गेल्या हुरड्याच्या दिवसांत जतकडच्या एका शिवारात माझा ड्रोन गोफणीच्या दगडाने खाली आला. ज्वारी राखणाऱ्या काकांनी नेम धरूनच मारला होता आणि वर ऐकवलं, "परत उडवलंस तर परत पाडीन." ड्रोनचा एक हात मुळापासून तुटलेला, कॅमेरा पातळ पट्टीसारख्या वायरीवर लोंबतोय, पोटावर दगडाचा पांढरा ओरखडा. दुरुस्तीचा अंदाज निघाला 38 हजार.

"विमा आहे ना तुझा?" जो तो हेच विचारायचा. होता, पण थर्ड पार्टी. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन सोडले तर हा विमा लागतो आणि त्याला मोटार वाहन कायद्याच्याच तरतुदी लागू होतात. म्हणजे पडलेला ड्रोन कुणाच्या डोक्यात बसला तर त्याची भरपाई त्यातून मिळेल, तुमच्या ड्रोनची नाही. घराच्या विम्यावरही विसंबू नका. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत खोडसाळपणे केलेलं नुकसान धरतात, पण ते घराचं आणि घरातल्या सामानाचं. शिवारावर उडणारा ड्रोन त्यात कुठून बसणार?

स्वतःच्या ड्रोनसाठी वेगळी 'ओन डॅमेज' पॉलिसी घ्यावी लागते. तिच्यात पहिल्यांदा 'मॅलिशियस डॅमेज', म्हणजे कुणी मुद्दाम केलेलं नुकसान, हे शब्द शोधा. ते वगळलेल्या गोष्टींच्या यादीत असतील, तर गोफणीपुरती ती पॉलिसी नसल्यासारखीच. मग स्वतःच्या खिशातून किती भरायचं, घसारा किती कापणार आणि बॅटरी-पंखे धरलेत का, ते बघा. ड्रोनला नोंदणी क्रमांक नसेल किंवा तो रेड झोनमध्ये, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय उडवायला बंदी असलेल्या भागात, उडवला असेल, तर क्लेम तिथेच अडतो. पॉलिसी हौशी वापराची आणि तुम्ही बैलगाडा शर्यतीचं शूटिंग पैसे घेऊन करत होतात, तरी तेच. (पाहुण्याच्या लग्नात घेतलेलं 'पाकीट' हेही पैसेच, बरं का.)

फिर्यादीचं गणित निराळं. भारतीय न्याय संहितेचं कलम 324 आगळिकीचं, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम नुकसान करण्याचं आहे. नुकसान 20 हजार ते लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. लाख आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण माझ्यासारखं 38 हजारांचं प्रकरण अदखलपात्र. ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात, पुढच्या तपासाला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. दोषी ठरल्यावर कोर्ट भरपाई देववू शकतं, पण तोवर नवं मॉडेल बाजारात येऊन जुनं झालेलं असतं. शिवाय समोरूनही तक्रार येते: "बायका विहिरीच्या मोटारीवर धुणं धूत होत्या, हा वरून शूटिंग घेत होता." म्हणून फ्लाइट लॉग आणि मेमरी कार्डला हात लावू नका. मी घाईत कार्ड फॉरमॅट करता करता वाचलो.

तरीही एनसी नोंदवाच. विमा कंपनी ती मागते आणि तडजोडीला बसल्यावर समोरचा जरा नीट बोलतो.

तडजोड मला सगळ्यांत व्यवहारी वाटते, फक्त ती कुठे करता याला महत्त्व आहे. मी ठाण्याच्या बाहेर, चहाच्या गाड्यावर साध्या कागदावर केली. तीन हप्ते ठरले, दोन आले. तिसऱ्याला "मळणी होऊ दे" सुरू झालं. तोच कागद लोकअदालतीत झाला असता तर त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपीलही नसतं. दावा लावण्याआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज देता येतो. साताऱ्यातही आहे, सांगलीतही. तेही फिसकटलं तर दिवाणी दावा उरतो. त्याला तीन वर्षांची मुदत आहे.

आता खरी मेख. ओन डॅमेज पॉलिसी असेल तर तडजोडीच्या कागदावर कंपनीला कळवल्याशिवाय सही करू नका. क्लेम दिल्यावर ती रक्कम दगड मारणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे जातो. तुम्ही आधीच "माझं काही म्हणणं नाही" असं लिहून दिलं, तर तो हक्कच बुडतो आणि क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळतं. गावात मोठ्या मनाने माफ करायचं आणि सोमवारी क्लेम टाकायचा, हे दोन्ही जमत नाही.

माझं मत विचाराल तर 20 हजारांच्या आतल्या ड्रोनला ओन डॅमेजचा हप्ता भरण्यापेक्षा सुटे पंखे घेऊन ठेवा. पन्नास हजारांच्या वर, आणि उडवणं रानावनात, जत्रेत असेल तर पॉलिसी घ्या. ड्रोन पडला की त्याच दिवशी कंपनीला मेल, दुसऱ्या दिवशी एनसी, आणि तडजोड कंपनीचं उत्तर आल्यावर. पॉलिसीच नसेल तर एनसी करून थेट लोकअदालत. तिसऱ्या हप्त्यासाठी मी आता सांगलीला तोच अर्ज दिलाय. काका तारखेला येतो म्हणालेत, येताना हुरडा आणतो असंही.