सोळा गुरुवार आणि दोनशे पानी वही

मी भोसरीत टर्नर आहे, वय ४७, राहायला दत्तवाडीत. दारू याआधी दोनदा सोडली होती. एकदा आईच्या शपथेवर, एकदा आळंदीला माळ घालून. दुसऱ्या वेळी माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, माउलींना हात जोडले आणि गेलो प्यायला. त्यामुळे विश्वास नव्हता, कर्वे रोडजवळच्या एका समुपदेशन केंद्रात बायकोनं नेलं म्हणून गेलो. आम्हाला सुट्टी गुरुवारची, म्हणून गुरुवार.

हात थरथरताना पाहून तिथल्या समुपदेशक मॅडमनी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. औषधांनी शरीर शांत झालं, मग बोलणं सुरू.

उपदेश नाहीच. वही आणायला लावली. प्यावंसं वाटलं की लिहायचं: कुठं होतो, किती वाजले, मनात नेमकं काय आलं, मग काय केलं. मी समजत होतो टेन्शनमुळे पितो. वहीत निघालं भलतंच. बहुतेक वेळा नाशिक फाट्याला बस बदलताना, संध्याकाळी साडेसातला, दुपारपासून पोटात काही नसताना. आणि मनात एकच वाक्य, 'दिवसभर राबलो, एवढं तर हक्काचं.' मॅडम म्हणाल्या, हक्काचं आणखी काय आहे तुमचं? आठवडाभर मला उत्तर सुचलं नाही.

मग सहा वाजता खायला डब्यात जादा चपाती. फाट्याला खाली थांबायचंच नाही, वर मेट्रोत चढून थेट स्वारगेट. तलफ चढते तशी ओसरतेही, ते घड्याळ लावून पाहिलं. एकदा बावीस मिनिटं लागली. आग्रह करणाऱ्या मित्राला 'नाही' म्हणायचा सरावही केला, मित्र झाल्या मॅडम.

अकराव्या आठवड्यात साडूकडच्या हळदीला प्यायलो. एरवी 'आता गेलंच सगळं' म्हणत आठ दिवस पीत राहिलो असतो. मॅडमनी सांगितलं, अमेरिकेतल्या अॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञानं नेमकं हेच दाखवलंय: एकदा घसरणं वेगळं, पुन्हा व्यसनात जाणं वेगळं, आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर नेतो तो हाच विचार. दुसऱ्या दिवशी फोन केला, वही उघडली. ज्यांना घरी राहून जमणार नाही त्यांच्यासाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. मला नोकरी सांभाळून हे जमलं.

तक्रारी आहेत. एका वेळचे ७०० रुपये, पावती मागितल्यावरच मिळते. छापील तक्त्यांवर 'स्वयंचलित नकारात्मक विचार' असलं मराठी. माझ्यासारख्या दहावीवाल्याला 'मनात आपोआप येणारं वाक्य' लगेच कळलं असतं. आणि सोळा गुरुवारांत बायकोला आत बोलावलं एकदाच. बाकीचे पंधरा ती बाहेर बाकावर बसून होती. बावीस वर्षं तिनंही सोसलंय. एक वही तिलाही द्यायला हवी होती.