छोट्या थेटरची वर्षाची मेंबरशिप : आठ महिन्यांनंतर (सासूबाईंसकट)

सप्टेंबरात गणपती उठले आणि त्याच आठवड्यात मेंबरशिप घेतली, आता मे संपत आलाय, म्हणजे आठ महिने होऊन गेले. तीस-बत्तीस खेळ तरी बघून झालेत, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. थेटर कोल्हापुरातलं, नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खाली बरंच तिखट येणार आहे आणि चालवणारी पोरं मनानं चांगली आहेत, मंडईत भेटतात. पण अशा कुठल्याही छोट्या थेटरची किंवा फिल्म क्लबची मेंबरशिप घ्यायची का नको अशा विचारात असाल तर उपयोगी पडेल.

आधी जागा सांगते. पहिल्या मजल्यावरचा हॉल, सत्तर-ऐंशी खुर्च्या, वर पत्रा आणि त्याखाली फॉल्स सीलिंग. एसी आहे पण चालू केला की पिक्चरमधल्या हळू बोलणाऱ्या माणसाचं काही ऐकू येत नाही, बंद केला की मे महिन्यात घाम. वर्षाला एकाचे १५०० आणि जोडीचे २५००. जोडीचं घेतलं ते नवऱ्याच्या भरवशावर, आणि त्यानं पहिल्याच गुरुवारी (खेळ गुरुवारी असतो) "घरात एवढा मोठा टीव्ही घेतलाय तो काय पुसायला काय" म्हणून अंग काढून घेतलं. मग दुसरं कार्ड वाया जायला नको म्हणून सासूबाईंना विचारलं, तर त्या लगेच, "मी येतो की, मला काय काम हाय." वय चौऱ्याहत्तर. व्हीनस, उषा, पद्मा, गावातल्या सगळ्या थेटरांत पिक्चर बघितलेली बाई, आता त्यातलं व्हीनस फक्त कॉर्नरच्या नावात उरलंय. तर हा रिव्ह्यू आमच्या दोघींचा समजा.

बरेच जण विचारतात की दारात तिकीट का मिळत नाही, मेंबरच कशाला व्हायला पाहिजे. त्याला कारण आहे. असल्या मेंबरांच्या क्लबला, म्हणजे फिल्म सोसायटीला, सेन्सॉरचं सर्टिफिकेट नसलेले बाहेरच्या देशातले पिक्चर दाखवायची सवलत मिळते ती फक्त मेंबरांपुरती, रस्त्यावरून आलेल्याला तिकीट फाडून आत घेता येत नाही. ही सोसायट्यांची पद्धत जुनी आहे, त्यांचं देशपातळीवरचं फेडरेशन १९५९ मध्ये झालं आणि पहिले अध्यक्ष होते सत्यजित राय. हे मला तिथल्याच एका काकांनी सांगितलं, नंतर वाचलं तर बरोबर निघालं. त्यामुळं "पाहुण्यांना घेऊन येऊ का" म्हणून दारात वाद घालू नका, त्या पोरांच्या हातात नसतं ते.

आता मुख्य. माझं मत आठ महिन्यांत एकदम पालटलंय. मेंबरशिप घेतली ती खास कार्यक्रमांच्या पोस्टरला भुलून, दिग्दर्शक भेटीला येणार, महोत्सव, चर्चासत्र वगैरे. आणि आता रिन्यू करणार आहे ती साध्या गुरुवारसाठी. खास कार्यक्रम निम्मे तरी फसतात हो. जानेवारीत एक दिग्दर्शक येणार होते, सहाची वेळ दिलेली, आम्ही रिक्षानं पावणेसहाला हजर, जिना चढताना आईंना, म्हणजे सासूबाईंना, दोनदा थांबायला लागतं म्हणून लवकर निघतो. पाहुणे आले साडेसातला. मग फेटा, शाल, श्रीफळ, मग ज्यांनी फेटा बांधला त्यांचा सत्कार, मग ज्यांनी हॉलला मदत केली त्यांचा सत्कार, पिक्चर चालू झाला सव्वाआठला आणि संपल्यावर प्रश्नोत्तरं. पहिलाच प्रश्न विचारायला उठलेला माणूस दहा मिनिटं स्वतःच्या शॉर्टफिल्मबद्दल बोलला. साडेदहा वाजले, आईंची बीपीची गोळी घरी. तेव्हापासून पाहुणे असलेल्या दिवशी आम्ही जेवून जातो आणि तासभर उशिरा जातो, काही चुकत नाही.

साध्या गुरुवारी मात्र साडेसहा म्हणजे पावणेसातला चालू. कुणी भाषण करत नाही, एक पोरगा उठून दोन वाक्यांत पिक्चर कुठला, कधीचा ते सांगतो आणि दिवे घालवतो. पंचवीस-तीस माणसं असतात. नोव्हेंबरात तो सायकल चोरीला जाण्याचा इटालियन पिक्चर लावला होता, १९४८चा. मला भीती की आईंना सबटायटल वाचायला जमणार नाहीत, इंग्रजी तर नाहीच, म्हणून मी कानात सांगत बसले, पुढच्या बाईंनी दोनदा वळून बघितलं. पंधराएक मिनिटांनी आईंनीच माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "तू गप. सायकल गेली म्हंजे काम गेलं, कळलं की. वाचायचं काय त्यात." आमचे सासरे उद्यमनगरला लेथवर होते, चाळीस वर्षं सायकलनं गेले. पिक्चरभर त्या पाय आखडून खुर्चीच्या टोकावर बसलेल्या, आणि शेवटी बाहेर आल्यावर जिन्यात एवढंच म्हणाल्या की "ह्यांची एकदा गेलती, फौंड्रीच्या गेटवरनं. तिसऱ्या दिवशी सापडली, सीट नव्हती." लग्नाला एकोणीस वर्षं झाली माझ्या, ही गोष्ट घरात कधी निघाली नव्हती. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला विचारलं तर त्यालाही माहीत नाही.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार प्रोजेक्टर चालवण्याची. मशीन चांगलं आहे, पैसे घातलेत, पण लावून दिलं की पोरगं खाली चहाला जातं. डिसेंबरात 'अयोध्येचा राजा' होता. मराठीतला पहिला बोलपट म्हणून ओळखला जातो तो, १९३२चा, आणि प्रभात फिल्म कंपनीनं तो पुण्याला जायच्या आधी इथं कोल्हापुरातच केलेला, म्हणून गर्दी झालती, खुर्च्या कमी पडल्या. चालू झाला आणि मला पहिल्यांदा काही कळेना, सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसायला लागली. जुने पिक्चर जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेले असतात, ह्यांनी ते ताणून आताच्या रुंद पडद्याभर बसवलेले. मी शेजारच्याला हळूच सांगतेय तोवर आई उभ्या राहिल्या आणि मागं वळून भर हॉलात ओरडल्या, "आरं लेका, दुर्गाबाईस्नी जाड केलंस की! तारामती हाय ती, राज्य गेलंय तिचं, असली गुबगुबीत आसंल व्हय?"

सगळा हॉल हसला. पोरगा पळत आला, रिमोट घेतला, मग हरिश्चंद्र झालेल्या गोविंदराव टेंब्यांच्या तोंडावर तो निळा मेनू आला, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, भाषा, एकदा तर सगळं उलटं झालं, पण दोन मिनिटांत चौकट बरोबर बसली आणि दुर्गा खोटे परत दुर्गा खोटे दिसायला लागल्या. त्यावर पुढचे एक काका, "आता दोन्ही बाजूला काळं का सोडलंय, निम्मा पडदा फुकट चाललाय." काय बोलणार. पण त्या दिवसापासून एक झालं, जुना पिक्चर असला की पोरगा आधी आईंच्या खुर्चीपाशी येतो आणि विचारतो, "आजी, बरोबर दिसतंय का?" त्या चष्मा पुसून, नीट बघून, मग मान हलवतात. हे मी फाइव्ह स्टार सर्व्हिस धरते.

दुसरी तक्रार इंटर्व्हल. बाहेरच्या पिक्चरला इंटर्व्हल नसते हे मान्य, पण मेंबरांत निम्मे साठीच्या वरचे, आणि बाथरूम खालच्या मजल्यावर. म्हणून हे लोक मधेच थांबवतात, ते ठीक, पण कुठं थांबवायचं हे आधी बघून ठेवा ना. एकदा बाई दार उघडतेय आणि आत कोण आहे ते दिसायच्या आत दिवे लागले. चहा मात्र चांगला असतो, आलं घातलेला, १० रुपयांत, कधी कधी सोबत भडंग.

खुर्च्या सगळ्या एका पातळीवर, मागं चढ नाही, त्यामुळं पुढं उंच माणूस आला की सबटायटलचा खालचा निम्मा भाग गेला. मागून तिसऱ्या ओळीत बसलं की जरा बरं. पार्किंगचं म्हणाल तर टू-व्हीलर कशीबशी, चारचाकी आणूच नका.

वेळापत्रक हा वेगळाच विषय आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला ग्रुपवर येतं, पाच तारखेला बदलतं, आणि बदललेलं पण कॅलेंडर न बघता केलेलं असतं. चैत्र पौर्णिमेला गुरुवार आला, ज्योतिबाची यात्रा, सगळं गाव ज्योतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, किंवा त्या वाटेवरच्या ट्रॅफिकमध्ये, आणि ह्यांनी त्याच दिवशी तीन तासांचा रशियन पिक्चर लावला. आम्ही दोघी आणि तो पोरगा. त्याच्या आधी फेब्रुवारीत शाहू स्टेडियमवर फुटबॉलची फायनल होती त्या संध्याकाळी खेळ ठेवला, आलेले पाच जण पण मोबाईलवर स्कोअर बघत होते. अरे बाबांनो, कोल्हापुरात राहताय, फुटबॉलचं आणि यात्रेचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवा आधी, मग आपलं करा.

तरी जूनचं जे आलंय ते बघून मी परत भुललेय, खरं सांगते. १ जूनला प्रभातवर एक संध्याकाळ, कारण १९२९ मध्ये त्याच तारखेला कंपनी इथं निघाली, चारच वर्षांत पुण्याला गेली आणि आपण अजून "प्रभात आमची" म्हणतो, म्हणणारच. ३ जूनला इथंच मूकपट काढलेल्या बाबूराव पेंटरांची जयंती, त्या दिवशी मूकपट आणि समोर बसून पेटी-तबला. २६ जूनला शाहू जयंती, त्या दिवशी लहान पोरांसाठी सकाळचा खेळ, फुकट.

ह्यातलं ३ जूनचं पोस्टर जरा गंडलंय. त्यावर बाबूरावांचा मोठा फोटो, शेजारी त्यांनी घरच्या घरी बनवलेला तो कॅमेरा, आणि खाली मोठ्या अक्षरात मूकपट. कुणालाही वाटेल की त्यांचा 'सैरंध्री' नाहीतर 'सावकारी पाश' बघायला मिळणार. पण बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट बहुतेक सगळे गेले, ती फिल्मच नायट्रेटची, भडकन पेट घेणारी, जी जळली नाही ती कुजली, काही चांदी काढायला वितळवली. 'सावकारी पाश' १९२५चा, आज बघायचा म्हटलं तर कुठून बघणार. म्हणून मी फोन करून विचारलं की नेमकं दाखवणार काय, तर दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाले, 'कालियामर्दन'. म्हणजे दादासाहेब फाळक्यांचा, १९१९चा. तो बराचसा शिल्लक आहे, चांगलाच आहे, फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय त्यात, मी आनंदानं बघेन. पण जयंती बाबूरावांची आणि पिक्चर नाशिकच्या माणसाचा. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "लगीन एकाचं आन् वरात दुसऱ्याची." मी थेटरवाल्यांना फोनवरच म्हटलं की पोस्टरवर पिक्चरचं नाव टाका, लोकांना खरं सांगितलं तरी येतील. अजून टाकलेलं नाही.

दुसरं एक सांगितलंय, ऐकतात का बघू. मूकपट हातानं दांडा फिरवून घेतलेले, सेकंदाला सोळा-अठरा चित्रं अशा हिशोबानं, आणि बोलपट चोवीसच्या हिशोबानं चालतात. मूकपट चोवीसनं सोडला की माणसं गावठी कोंबड्यागत टुकटुक पळायला लागतात आणि लोकांना वाटतं जुना पिक्चर म्हणजे असलाच. ह्यांच्याकडची फाईल कुठल्या स्पीडनं केलीय ते आधी लावून बघायला पाहिजे, पेटीवाल्यांनी तालीम त्याच फाईलवर करायला पाहिजे, नाहीतर कृष्ण डोहातनं बाहेर येऊन उभा आणि पेटी अजून कालियाच्या फण्यावर. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला तर गुरुवारी एक शब्द ऐकू येत नाही, मागच्या वर्षी परतीच्या पावसात हे झालं होतं, पण मूकपटाला त्याचा त्रास नाही, तेवढं बरं.

पैसे वसूल झाले का, तर झाले. २५०० रुपयांत तीस खेळ दोघींचे, हिशोब तुम्हीच करा, मॉलमध्ये दोघींचं तिकीट आणि पॉपकॉर्न धरलं तर दोन-तीन वेळात संपतात. फक्त मोठ्या पाहुण्यांसाठी जाणार असाल तर नका घेऊ. आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी असेल आणि जिना चढायला हरकत नसेल तर घ्या, आणि जोडीचं घ्या. नवरा नाही आला तर घरात दुसरं कुणीतरी असतंच.

मी सप्टेंबरात रिन्यू करणार आहे, आईंनी स्वतःचे १२५० आत्ताच काढून डब्यात ठेवलेत. ३ जूनला गर्दी होणार हे नक्की, लवकर या, पण मागून तिसऱ्या ओळीतली डावीकडची कडेची खुर्ची तेवढी धरू नका, त्यांना गुडघा लांब करायला तीच लागते.